स्वतःहून घेतलेला हुद्दा



३१ जुलै १९६८ रोजी बीबीसी वन वाहिनीवर अर्ध्या तासाची एक कृष्णधवल विनोदी मालिका सुरू झाली. तिचं नाव 'डॅड्स आर्मी', आणि पहिल्या भागाचं नाव 'द मॅन अँड द अवर'. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी ती लिहिली. निर्मितीची बाजूही क्रॉफ्ट यांनीच सांभाळली. पुढे ही मालिका १३ नोव्हेंबर १९७७ पर्यंत चालली. नऊ पर्वांत मिळून ८० भाग झाले, भरात असताना तिचा प्रेक्षकवर्ग १ कोटी ८० लाखांच्या पुढे गेला, आणि त्यातले बहुतेक नट आज हयात नसतानाही ती ब्रिटनमध्ये पुन्हा पुन्हा दाखवली जाते. 'दुसऱ्या महायुद्धावरची विनोदी मालिका' असं तिचं वर्णन नेहमी केलं जातं. ते चूक नाही, पण त्याने फारसं काही कळत नाही. युद्धावर विनोदी मालिका पुष्कळ झाल्या आणि बहुतेक विस्मरणात गेल्या. हीच का टिकली, याचं उत्तर माझ्या मते तिच्या पहिल्याच भागात आहे. त्या अर्ध्या तासात एक प्रश्न प्रेक्षकापुढे टाकलेला आहे: कुणीही न नेमलेला माणूस हुकूम सोडू लागला, तर त्याला हसायचं की त्याच्यामागे रांगेत उभं राहायचं? पेरी आणि क्रॉफ्ट यांनी दोन्ही एकाच वेळी करायला लावलं, आणि पुढची नऊ वर्षं यातली एकही बाजू सोडली नाही. आजचं माझं विवेचन एवढ्याच मुद्द्याभोवती आहे.

आधी घडलेला इतिहास पाहू, कारण तो माहीत नसेल तर विनोद अर्धाच कळतो. १० मे १९४० रोजी जर्मन फौजा हॉलंड आणि बेल्जियममध्ये घुसल्या. हॉलंडमध्ये छत्रीधारी सैनिक उतरल्याच्या बातम्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर धास्ती पसरली. १४ मे रोजी नवे युद्धमंत्री अँथनी ईडन रेडिओवर बोलले. १७ ते ६५ वयाच्या, सैन्यात नसलेल्या पुरुषांनी आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यावर नाव नोंदवावं, असं आवाहन त्यांनी केलं. पगार नाही, गणवेश आणि शस्त्रं मिळतील, असं आश्वासन. या दलाचं पहिलं नाव होतं लोकल डिफेन्स व्हॉलंटियर्स. चर्चिल यांच्या आग्रहाने जुलैत ते होमगार्ड झालं. सरकारचा अंदाज दीड लाख माणसांचा होता. भाषण संपण्याआधीच लोक ठाण्यांकडे निघाले, आणि उन्हाळा सरायच्या आत आकडा पंधरा लाखांच्या घरात गेला. आता सरकारसमोर वेगळीच अडचण उभी राहिली. एवढ्या माणसांना बंदुका कुठून द्यायच्या हा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक नाजूक होता: यांना हुकूम कोण देणार? या दलात सुरुवातीला लष्करी हुद्देच नव्हते. अधिकाऱ्यांना रीतसर सनदा मिळाल्या त्या १९४१ च्या सुरुवातीला. मधल्या आठ-नऊ महिन्यांत ज्याने पुढाकार घेतला तो पुढारी झाला. निवृत्त कर्नल, जमीनदार, कारखान्यातले मुकादम, बँकेचे मॅनेजर, कुणीही.

ही अडचण राजकीयही होती. स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेले टॉम विंट्रिंगहॅम यांनी त्या जुलैत लंडनजवळच्या ऑस्टर्ली पार्कमध्ये एक शाळा उघडली आणि तिथे सामान्य नागरिकांना गनिमी युद्धाचे धडे द्यायला सुरुवात केली. हे लोकांचं सैन्य आहे, असं विंट्रिंगहॅम यांचं म्हणणं. जॉर्ज ऑर्वेल स्वतः लंडनच्या एका तुकडीत सार्जंट होते आणि त्यांनाही या दलात लोकशाही क्रांतीची बीजं दिसत होती. युद्धखात्याला नेमकी तीच दिसत होती, म्हणून त्याने थोड्याच दिवसांत ती शाळा आपल्या ताब्यात घेतली. सांगायचा मुद्दा असा की 'हुकूम कुणाचा' हा प्रश्न लेखकांनी विनोदासाठी शोधून काढलेला नाही. १९४० च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या गावोगाव खरोखर पडलेला होता. जिमी पेरी स्वतः कोवळ्या वयात वॉटफर्डच्या होमगार्डमध्ये होता, त्यामुळे त्याला तो वाचून माहीत करून घ्यावा लागला नाही.

आता प्रत्यक्ष भागाकडे येतो. वॉलमिंग्टन-ऑन-सी हे दक्षिण किनाऱ्यावरचं एक काल्पनिक गाव. तिथल्या बँकेत मॅनेजर जॉर्ज मॅनरिंग, त्याचा हेडक्लार्क आर्थर विल्सन आणि पोरसवदा कारकून पाइक, असे तिघं ईडन यांचं भाषण ऐकतात. भाषण संपतं आणि मॅनरिंग ठरवून टाकतो की या गावचं नेतृत्व आपल्याकडेच आहे. कुणी त्याला विचारलेलं नाही, कुणी पत्र धाडलेलं नाही. तो बँकेचा मॅनेजर आहे, गावात त्याच्या सहीला किंमत आहे, तेवढ्यावर तो कॅप्टन होतो. विल्सन आपोआप सार्जंट होतो, कारण बँकेत तो दुय्यम आहे. पाइक शिपाई होतो, कारण तो बँकेत शिपायासारखाच राबतो. लेखकांनी इथे काय केलं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. त्यांनी बँकेतली उतरंड उचलून जशीच्या तशी फलटणीत नेऊन ठेवली, आणि ती नेताना एकाही पात्राला काही वावगं वाटत नाही. प्रेक्षक हसतो तो या सहजतेला.

त्यानंतर भरतीचा प्रसंग चर्चच्या सभागृहात आहे. एक टेबल, अर्जांचा गठ्ठा, मागे मॅनरिंग बसलेला, आणि समोर एकेक माणूस. फ्रेझर, वॉकर, गॉडफ्री, आणि म्हातारा खाटीक जोन्स, जो वयाच्या मर्यादेपलीकडे असूनही सुदानच्या मोहिमेचा दाखला देत भरतीला आलाय. मॅनरिंगला यांच्याशी लष्करी इतमामाने वागायचं आहे. विल्सन मात्र बँकेच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला यावं म्हणतात तसा प्रत्येकाला अदबीने पुढे बोलावतो. हुकूम द्यायची गोष्ट विनंतीच्या सुरात केली की हुकूमच उरत नाही, हे मॅनरिंगला कळतं आणि तो चिडतो. तेवढ्यात हवाई हल्ला वॉर्डन मध्येच येऊन सांगतो की सभागृह त्याला हवं आहे, लवकर आटपा. थोडक्यात, एका स्वयंघोषित अधिकाऱ्याला दुसरा अधिकारी खोली रिकामी करायला सांगतो. तिकडे युरोप कोसळतोय आणि इकडे भांडण चाललंय ते सभागृहाच्या वेळापत्रकावरून. सार्वजनिक कामात पडलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे भांडण समजावून सांगायची गरज पडणार नाही.

या भागाबद्दल बोलताना त्यात काय आहे, इतकंच काय नाही हेही पाहायला हवं. आज 'डॅड्स आर्मी' म्हटलं की जी पात्रं आणि लकबी आठवतात, त्यातल्या कितीतरी इथे जन्मलेल्याच नाहीत. फ्रेझर पुढे गावचा अंत्यसंस्कार करणारा झाला आणि आपण सगळेच मरणार हे सांगत डोळे फिरवू लागला. पहिल्या भागात त्याचं दुकान पोस्टाच्या तिकिटांचं आहे. वॉर्डन हॉजेस पुढे मॅनरिंगचा कायमचा वैरी आणि गावचा भाजीवाला झाला. इथे तो एका प्रसंगापुरता येऊन जातो. पाद्री आणि चर्चचा सेवक यांची जोडी नाही. उलट ब्रेसवेल नावाचा एक उमदा माणूस भरती होतो आणि पुन्हा कधी दिसत नाही, कारण लेखकांना तो नको झाला. म्हणजे जे लोकांना प्रिय झालं त्यातलं पुष्कळसं नंतर जमलेलं आहे. मग पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काय तसंच राहिलं? मॅनरिंग आणि विल्सन यांच्यातलं अंतर. बाकी सगळं बदलता येत होतं. हे बदललं असतं तर मालिकाच उरली नसती. म्हणून मी म्हणतो की तिचा कणा म्हणजे अधिकाराचा प्रश्न, आणि युद्ध हे त्या प्रश्नाला मिळालेलं सर्वांत चांगलं निमित्त.

ते अंतर कसलं आहे? मॅनरिंग ईस्टबर्नच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकलेला, कष्टाने वर चढलेला, बुटका, जाडा, कपाळावर आठ्या. विल्सन खासगी शाळेत शिकलेला, उंच, देखणा, आवाजात जन्मजात बेफिकिरी. इंग्रजी समाजाच्या रीतीने पाहिलं तर कॅप्टन विल्सन व्हायला हवा आणि सार्जंट मॅनरिंग. नटांची निवडही त्या रीतीने उलटीच झाली होती: विल्सन झालेल्या जॉन ल मेझ्युरियर यांना प्रेक्षक अधिकाऱ्यांच्या भूमिकांत ओळखत होते आणि मॅनरिंग झालेल्या आर्थर लो यांना खालच्या पायरीवरच्या, कुरकुऱ्या माणसांच्या. ती उलटापालट मुद्दाम केलेली आहे आणि मालिकेचं निम्मं यश त्यात आहे. विल्सनला आज्ञा पाळायला लाज वाटत नाही, कारण आपला दर्जा सिद्ध करायची गरज त्याला कधी पडलीच नाही. मॅनरिंगला प्रत्येक क्षणी तो सिद्ध करावा लागतो. १९७३ साली 'द ऑनरेबल मॅन' नावाच्या भागात विल्सनला घराण्याकडून एक मानाची पदवी मिळते आणि मॅनरिंगची रात्रीची झोप उडते. पण ती ठिणगी पहिल्या भागातच पडलेली आहे, भरतीच्या टेबलाशी.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाही. कष्टाने वर आलेल्या, कनिष्ठ मध्यमवर्गीय माणसाची ही टिंगल नाही का? खानदानी विल्सनला सगळी सहजता आणि मॅनरिंगला सगळा घाम, असा हा वाटा झाला. इंग्रजी विनोदाची ती जुनी खोड आहे. मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. मॅनरिंगच्या दिमाखावर हसताना प्रेक्षक काही अंशी विल्सनच्या बाजूला जाऊन बसतो, यात शंका नाही. पण विल्सनची सहजता गावाच्या काय कामाची? ईडन यांचं भाषण ऐकून विल्सन काही करत नाही. त्याच्यावर सोपवलं असतं तर वॉलमिंग्टनला फलटण मिळालीच नसती. कदाचित बँक थोडी लवकर बंद करून सगळे चहाला गेले असते. पुढाकार मॅनरिंगचा आहे. ज्या स्वभावामुळे तो हास्यास्पद होतो त्याच स्वभावामुळे तो उठून उभा राहतो. दिमाख आणि धैर्य यांचं मूळ एकच आहे, हे या भागात दिसतं आणि ते कुणाच्याही तोंडून वदवलेलं नाही. हे न बोलणं मला पेरी-क्रॉफ्ट यांच्या लेखनातलं सर्वांत मोठं कसब वाटतं.

याचा पुरावा भागाच्या शेवटाकडे आहे. सरकारकडून साहित्य आल्याची बातमी येते. फलटण गणवेश आणि बंदुका येणार म्हणून ताटकळलेली. हाती पडतात त्या दंडाला बांधायच्या फिती, आणि शस्त्र म्हणून शत्रूच्या डोळ्यांत फेकायला मिरपूड. हे विनोदासाठी ताणलेलं आहे असं वाटत असेल तर पुढच्या वर्षीची एक खरी गोष्ट सांगतो. १९४१ मध्ये युद्धखात्याने होमगार्डसाठी अडीच लाख भाले बनवले: लोखंडी नळीच्या टोकाला जुनी संगीन झाळून बसवलेली. विसाव्या शतकात, रणगाड्यांच्या काळात. त्या भाल्यांवर संसदेत आणि बाहेर एवढा गहजब झाला की बहुतेक कोठारातच पडून राहिले. त्यांचं समर्थन करणारे उपमंत्री होते लॉर्ड क्रॉफ्ट, आणि त्या शस्त्राला लोक 'क्रॉफ्टचे भाले' म्हणू लागले. मालिकेच्या लेखकाशी त्यांचं नावापुरतंच साम्य. पण विनोदी लेखकाने कितीही ताणलं तरी सरकार त्याच्या पुढेच असतं, एवढं या योगायोगातून घ्यायला हरकत नाही. आता मिरपूड हातात घेऊन मॅनरिंग काय करतो? तो भाषण करतो. साधनं नाहीत, पण निर्धार आहे, अशा अर्थाचं. भाषण हास्यास्पद आहे. समोर फीत बांधलेला खाटीक, म्हातारे आणि एक मफलरवालं पोर. आणि तरीही त्या पोकळ शब्दांत कुणाला खोटेपणा जाणवत नाही, कारण जर्मन आले असते तर हा माणूस मिरपूड घेऊन खरोखरच किनाऱ्यावर गेला असता. प्रेक्षकाला ते ठाऊक आहे. हसू न थांबता त्याच हसण्यात आदर मिसळतो. दोन्हींची अशी मिसळ विनोदात क्वचित साधते.

ही मिसळ खरी वाटण्याचं एक कारण पडद्यामागेही आहे. थरथरत्या गॉडफ्रीची भूमिका करणारे आर्नल्ड रिडली पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत जबर जखमी झाले होते. 'द घोस्ट ट्रेन' हे गाजलेलं नाटक त्यांचंच. फ्रेझर झालेले जॉन लॉरी पहिल्या महायुद्धात लढलेले आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष होमगार्डमध्ये होते. सत्तरीचा जोन्स रंगवणारे क्लाइव्ह डन त्या वेळी अवघे ४८ वर्षांचे, पण ग्रीसमध्ये पकडले जाऊन त्यांनी काही वर्षं युद्धकैदी म्हणून काढलेली. आर्थर लो मध्यपूर्वेत होते, ल मेझ्युरियर हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर. या मंडळींना सैनिकी रुबाब आणि त्याचा पोकळपणा दोन्ही आतून माहीत होते. त्यांनी भित्रेपणाची नक्कल केली नाही, आणि शौर्याचीही केली नाही.

दुसरा आक्षेप मालिकेच्या जन्माआधीचाच आहे. हे होमगार्डचा अपमान करील, अशी शंका बीबीसीमध्येच होती. शीर्षकाच्या वेळी नाझी फौजा आणि निर्वासितांची खरी चित्रफीत दाखवायचा क्रॉफ्ट यांचा बेत होता. वाहिनीचे प्रमुख पॉल फॉक्स यांनी ती काढायला लावली आणि तिच्या जागी नकाशावर सरकणारे बाण आले, जे आज सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. मला वाटतं, या बाबतीत क्रॉफ्ट बरोबर होते. विनोद मिरपुडीचा असेल तर समोरचा धोका किती खरा होता हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसायला हवं. धोका कागदी केला की धैर्यही कागदी होतं. बाणांनी मालिकेला थोडं गोंडस करून ठेवलं, आणि त्याची किंमत तिने पुढे मोजली, ती तिसऱ्या आक्षेपाच्या रूपाने.

तो आक्षेप इतिहासकारांचा आहे. १९४० साली सगळा देश एकदिलाने उभा राहिला, श्रीमंत-गरीब विसरून लोक खांद्याला खांदा लावून लढले, ही कथा ब्रिटनने स्वतःला पुढे वारंवार सांगितली. अँगस काल्डर यांनी १९६९ साली 'द पीपल्स वॉर' या ग्रंथात त्या काळातले तंटे, वर्गभेद आणि असंतोष नोंदवले, आणि १९९१ साली 'द मिथ ऑफ द ब्लिट्झ' मध्ये ती कथा कशी घडवली गेली याचाच शोध घेतला. 'डॅड्स आर्मी' त्या कथेला लोणी लावते, असा आरोप केला जातो. शीर्षकगीताचं उदाहरण देता येईल. ते ऐकताना युद्धकाळातलं जुनं गाणं वाटतं, पण ते पेरी यांनी या मालिकेसाठीच नव्याने लिहिलं आणि जुन्या पिढीतले लाडके गायक बड फ्लॅनगन यांच्याकडून गाऊन घेतलं. म्हणजे लोकांना नसलेली आठवण तयार करून दिली. आरोप करणाऱ्यांच्या हाती याहून चांगला पुरावा नाही.

पण त्यांनी पहिल्या भागाची सुरुवात पाहिलेली नसते, किंवा पाहून सोडून दिलेली असते. भाग १९४० मध्ये सुरू होत नाही. तो १९६८ मध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्याच वर्षात सुरू होतो. वॉलमिंग्टनमध्ये एक मेजवानी चालली आहे, 'आय अ‍ॅम बॅकिंग ब्रिटन' या मोहिमेसाठी. प्रमुख वक्ता म्हातारा मॅनरिंग. तो उठतो आणि आपण तर १९४० पासूनच ब्रिटनच्या पाठीशी आहोत असं सांगत मागच्या गोष्टीत शिरतो. ही मोहीम खरी होती. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर. त्या वर्षाच्या अखेरीस सर्बिटन इथल्या एका कंपनीतल्या पाच टंकलेखिकांनी देशासाठी रोज अर्धा तास बिनपगारी जास्त काम करायचं ठरवलं. वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं, झेंड्यांचे बिल्ले निघाले, गाणं निघालं. कामगार संघटना बिथरल्या. मोहिमेचे टी-शर्ट पोर्तुगालमध्ये बनलेले निघाले. जुलै उजाडेपर्यंत उत्साह ओसरलेला होता. तेव्हा पहिल्या भागाच्या प्रेक्षकाला समोर जे दिसतं ते असं: फसलेल्या देशभक्तीच्या मेजवानीत उभा राहून एक वृद्ध प्रतिष्ठित माणूस आपल्या ऐन दिवसांची गोष्ट सांगतोय. पुढचा सगळा भाग, किंवा म्हणा मालिकेचे सगळे ८० भाग, त्याच्या आठवणीत घडतात. स्मरणरंजन इथे आहेच; पण ते मॅनरिंगचं आहे, आणि ते कसल्या मुहूर्तावर सुचलं हेही दाखवलेलं आहे. भूतकाळाकडे धावण्याची गरज वर्तमानात कशी निर्माण होते, हे ज्या कार्यक्रमाने पहिल्या दोन मिनिटांत दाखवलं, त्यावर भोळेपणाचा आरोप टिकत नाही. हेही मान्य केलं पाहिजे की हा प्रसंग लोकांच्या मनातून पुसला गेला. दर शनिवारी मालिका पाहणाऱ्याला फक्त बाण आणि गाणं आठवतं. कलाकृती शहाणी असूनही तिचा वापर भोळा होऊ शकतो. त्याचा दोष किती लेखकांचा आणि किती पुनःप्रक्षेपणाचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

आणखी एक आक्षेप मला या सगळ्यांहून जड वाटतो: या चौकटीत कोण नाही? बायका जवळजवळ नाहीत. एडिथ समरस्किल या खासदार होमगार्डमध्ये स्त्रियांना घ्या म्हणून भांडत होत्या आणि १९४३ पर्यंत त्यांना रीतसर दाद मिळाली नाही. मालिकेने तो विषय १९७० च्या 'मम्स आर्मी' या एका भागात, तोही मॅनरिंगच्या मुक्या प्रेमाच्या अंगाने हाताळला. आणि साम्राज्य नाही. १९४० चं इंग्लंड 'एकटं' होतं, असं म्हणायची पद्धत आहे. डंकर्कच्या वाळूवर हिंदुस्थानी लष्कराच्या खेचर तुकड्याही होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर झुंजले. पुढे इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. जोन्सच्या सुदानच्या बढाया सोडल्या तर वॉलमिंग्टनला यातलं काही ऐकूच येत नाही. मी याचं समर्थन करणार नाही. मात्र या उणिवेचा माझ्या मुद्द्याशी जो संबंध आहे तो सांगतो, आणि त्यासाठी नाशिकजवळ देवळालीला यावं लागेल.

पेरी युद्धाच्या शेवटी रॉयल आर्टिलरीतून देवळालीच्या छावणीत आलेला होता आणि तिथल्या करमणूक पथकात काम करत होता. त्या अनुभवावरून त्याने आणि क्रॉफ्ट यांनी 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका लिहिली. तिचा पहिला भाग ३ जानेवारी १९७४ रोजी आला, १९८१ पर्यंत ५६ भाग झाले. सुरुवातीच्या भागांची पार्श्वभूमी देवळालीची. लेखक तेच, रचना तीच: एक गट, एक करडा अधिकारी, एक बेफिकीर वर्ग, बाहेर युद्ध. पहिल्या मालिकेला सर्वांनी डोक्यावर घेतलं. दुसरी बीबीसीने पुढे दाखवणंच सोडून दिलं. याचं कारण सहसा एकच दिलं जातं: रंगीराम हा हिंदुस्थानी नोकर मायकल बेट्स या गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून साकारला. बेट्स झाशीत जन्मलेले होते आणि त्यांना उर्दू येत होती, असा बचावही केला जातो. रंग हे कारण पुरेसं आहेच, पण त्याच्याखाली रचनेचं कारण आहे आणि ते कुणी फारसं सांगत नाही. वॉलमिंग्टनमध्ये हुकूम देणारा आणि ऐकणारा एकाच गावचे. मॅनरिंगने स्वतःहून घेतलेला हुद्दा गाव हसून कधीही काढून घेऊ शकतं, आणि रोज काढून घेतंच. विल्सनच्या एका उसाशाने कॅप्टन पुन्हा बँकेचा मॅनेजर होतो. देवळालीत सार्जंट मेजर विल्यम्सचा हुकूम कुणीही मागे घेऊ शकत नाही. त्याच्यामागे तोफा आहेत आणि राज्य आहे. पंख्याची दोरी ओढणारा आणि चहा विकणारा मोहम्मद, दोघंही त्या हुकुमाखाली राबतात, पण त्यांना गावच्या खाटकासारखं उठून 'मीही येतो' म्हणायची मुभा नाही. रंगीराम तर स्वतःला इंग्रजांपैकीच समजतो आणि मालिका त्यालाच हसते. तिथे हसणं खालच्या दिशेने वाहतं, कारण ज्याच्यावर हसायचं त्याच्या हाती अधिकारच नाही. जोन्सला हसताना प्रेक्षक जोन्सच्या जागी स्वतःला पाहतो. रंगीरामला हसताना पाहत नाही. रचना उचलून नेता आली, पण ती ज्या समतेवर उभी होती ती देवळालीच्या छावणीत नव्हती, आणि कितीही चांगली गाणी घातली तरी ती येणार नव्हती. दोन्ही पहिले भाग एकापाठोपाठ एक लावून पाहिले तर हे अर्ध्या तासात दिसतं: एकात टेबलापलीकडचा माणूस स्वतःचं नाव सांगतो आणि टेबलामागचा ते लिहून घेतो, दुसऱ्यात नाव विचारलंच जात नाही, फक्त हाक मारली जाते.